पेटीतला मंगळ

लाल मखमलीचा कपडा बाजूला झाला आणि टाळ्यांसाठी वर गेलेले हात तसेच राहिले.

काचेची पेटी रिकामी होती. कुलूप जागच्या जागी होतं. काचेला साधा ओरखडाही नव्हता. आतल्या पांढऱ्या सॅटिनवर बरणीच्या बुडाचा गोल ठसा तेवढा उरला होता.

"मंगळाची माती गेली!" प्रा. प्रेमराज किंचाळले आणि छातीवर हात ठेवून खुर्चीत बसले. खुर्ची आधीच मागे ठेवलेली होती, म्हणून बरं.

अमळनेरहून धुळ्याकडे निघालं की रस्त्याला लागून एक नवं कॉलेज दिसतं. कमान भली मोठी, वाचनालय एका खोलीत. त्या कॉलेजच्या सभागृहात चार दिवस 'सूर्यमालेतील यंत्रमानव' नावाचं प्रदर्शन भरलं होतं. चंद्रावर, मंगळावर, गुरू-शनीपर्यंत गेलेल्या मानवरहित यानांच्या प्रतिकृती मांडल्या होत्या. पण त्या कोणी फारशा पाहत नव्हतं. गर्दी एकाच पेटीपुढे व्हायची. तिच्यावर पाटी होती : 'मंगळाची माती. यानाने आणलेली. आशियात एकमेव.'

आज मंगळवार. अमळनेरच्या मंगळाच्या देवळात आलेली माणसं रिक्षा करून इकडे वळत होती. लग्नं अडलेल्या मुली आणि त्यांचे आईबाप पेटीला हात लावून कपाळाला लावायचे. कॉलेजच्या प्राचार्यांना यात काही गैर वाटत नव्हतं. गर्दीचे फोटो चांगले येत होते.

फोन गेल्यावर फौजदार रुपचंद बोरसे आले. मूळचे धुळ्याचे, निवृत्तीला आलेले. तोंडावर कायम असा भाव की कोणीतरी त्यांना शिळा चहा पाजला आहे. सोबत नवल नावाचा शिपाई.

"साहेब, मंगळ चोरीला जायला मंगळवारच सापडला," नवल म्हणाला.

"तू हसू नकोस. हसायला पुढे पुष्कळ मिळेल."

प्राचार्यांनी त्यांना दारातच गाठलं. "चोर सापडलाच आहे, साहेब. पेटीची किल्ली एकाच माणसाकडे असते. आमचा शिपाई धम्मपाल. कंत्राटावर आहे. याच महिन्यात त्याला कायम करायचं होतं. बरं झालं, वेळीच कळलं."

धम्मपाल भिंतीशी उभा होता. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. आठ वर्षं तो या कॉलेजात दारं उघडत आणि लावत होता. कायम झाल्याचा कागद हातात पडणार, तोच ही पेटी रिकामी निघाली.

"आधी फिर्यादी कोण, ते बघू," बोरसे म्हणाले.

फिर्यादी खुर्चीत पाणी पीत होते. पांढरा जोधपुरी कोट, कपाळाला गंध, हातात फोन. स्वतःला ते 'अंतराळमहर्षी' म्हणवून घेत. ते प्राध्यापक कुठल्या कॉलेजात होते, हे गेल्या दहा वर्षांत एकाही प्राचार्याने विचारलं नव्हतं. हार आणायच्या घाईत राहून गेलं असेल.

"माती तुम्हाला कोणी दिली?"

"परदेशातल्या शास्त्रज्ञांनी. माझ्या कार्याचा गौरव म्हणून. मी तिथं असताना मंगळावरचं यान स्वतः चालवलंय, साहेब. मी डावीकडे म्हटलं की डावीकडे. उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. लगेच!"

"वा. आमची जीप दोनदा सांगून वळत नाही. कोणावर संशय?"

प्रेमराजांनी आवाज खाली आणला, पण धम्मपालला ऐकू जाईल इतपतच. "स्पष्ट बोलायला नको. पण ही माणसं मंगळ मानत नाहीत. श्रद्धेच्या वस्तूची विटंबना करायला यांना काय?"

"साहेब," धम्मपाल भिंतीजवळूनच म्हणाला, "आम्ही बौद्ध. मंगळ-शनी मानत नाही, खरंय. पण मानतच नाही, तर ती माती घरी नेऊन तिचं करू काय? कुंडीत घालू?"

नवलला हसू आलं. बोरशांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो खोकला.

"महर्षी, फोन सारखा हातात का? खिशात ठेवा की. घाम फुटलाय तुम्हाला."

"या कोटाचे खिसे शोभेचे आहेत. कार्यक्रमात मी हाच कोट घालतो. खिसे फुगलेले बरे दिसत नाहीत."

"काल संध्याकाळीही हाच होता?"

"हाच. संस्थाध्यक्षांनी जेवायला नेलं होतं. त्यांची गाडी इथं दाराशीच आली होती." मग ते पुढे झुकले. "साहेब, पंचनामा लवकर उरका. माती गेली ती गेली. माझं बाकीचं सामान आज जळगावला पोचायला हवं. उद्या तिथं उद्घाटन आहे."

"आशियातली एकमेव वस्तू गेली आणि तुम्हाला प्लायवूडची काळजी?"

"कार्यक्रम दिलाय ना, साहेब."

बोरसे उठले आणि सभागृहात फिरू लागले.

भिंतीवर कॉलेजच्या मुलांनी काढलेला मोठा तक्ता होता. मधे पृथ्वी. तिच्यापासून निघालेले रंगीत बाण. चंद्राकडे जाणारा निळा बाण आणि तिथून परत येणारा हिरवा. दोन-तीन लघुग्रहांकडे जाणारे निळे, परत येणारे हिरवे. मंगळाकडे निळ्या बाणांची दाटी होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'निळा : यान गेले. हिरवा : यान नमुना घेऊन परत आले.' तक्त्याच्या पुढ्यात एक फुलदाणी आणि सेल्फीसाठी पुठ्ठ्याचा अंतराळवीर ठेवला होता. अर्धा तक्ता त्याच्या आड गेला होता.

शेजारी जमिनीवर लाकडी चौकटीत मंगळाचं मैदान केलेलं होतं. विटांच्या भुकटीचं. त्यात खड्डे, दगडगोटे आणि कोपऱ्यात गुडघ्याएवढा डोंगर. मैदानाचा रंग फिकट होता, अर्धवट भाजलेल्या विटेसारखा. डोंगराचा एक उतार मात्र चांगला लालभडक होता. मैदानात सहा चाकांची छोटी गाडी चालवत एक मुलगी उभी होती. शिंकत होती.

"नाव काय?"

"साक्षी. दुसरं वर्ष, विज्ञान." आणखी एक शिंक. "सॉरी सर. सकाळपासून चाललंय. धुळीनं."

"मैदान कधीपासूनचं आहे?"

"चार दिवस झाले. पण शिंका आजच. आणि गाडीही आजच रुसलीय. काल त्या डोंगरावर सहज चढायची. आज त्या जागी गेली की चाक अडतं."

"बॅटरी?"

"नवी टाकली. तरी तेच."

"बरं, महर्षी म्हणतात की ते मंगळावरचं यान चालवायचे. डावीकडे म्हटलं की लगेच डावीकडे."

साक्षीने इकडेतिकडे पाहिलं. "लगेच कसं वळेल, सर? इथून पाठवलेला संदेश तिथं पोचायलाच कित्येक मिनिटं जातात. तोवर यान खड्ड्यात जाईल. म्हणून आधी सगळं ठरवून सूचना पाठवतात, आणि पुढचा दगड चुकवायचं काम यान स्वतःच्या अकलेनं करतं."

"म्हणजे यानाला अक्कल आहे. चांगलं आहे. कोणाला तरी असावी."

इतक्यात एक बाई तरातरा आल्या. डोळ्यांवर चष्मा, हातात डस्टर. या वृषाली मॅडम, भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या.

"साहेब, धम्मपालला सोडा. संशय घ्यायचा तर माझा घ्या. काल दुपारी महर्षींशी भांडण माझं झालंय."

"कशावरून?"

"मी म्हटलं, चिमूटभर माती द्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघू. मुलांनाही दाखवू. आज दुपारी देतो म्हणाले. आज सकाळी बरणीच नाही."

"तुम्हाला शंका होती?"

"होती म्हणजे..."

"मॅडम!" प्राचार्य मधे आले. "तुमचा तास आहे. संस्थेचे पाहुणे आहेत ते. तुम्ही वर्गावर जा."

वृषाली मॅडमनी प्राचार्यांकडे असं पाहिलं, जसं त्या मुलांना नुसती माती आणि खडक यातला फरक दाखवताना मातीकडे पाहत असतील. जाता जाता म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला वाचता येतं ना? मग भिंत वाचा. इथं चार दिवसांत ती कोणीच वाचलेली नाही."

बोरशांनी धम्मपालला पेटीजवळ बोलावलं.

"किल्ली कोणाकोणाकडे?"

"एकच आहे. माझ्याकडे. कमरेला."

"काल बंद करताना काय काय झालं, ते सांग. गाळू नकोस काही."

"शेवटी सरांना फोटो काढायचा होता, म्हणून पेटी उघडली. फोटो झाला. लोक गेले. सर म्हणाले, घसा सुकला, गार पाणी आण. मी खाली कूलरवर गेलो. परत आलो, तर सरांनी पेटीवर कपडा टाकलेला होता. म्हणाले, लाव कुलूप. मी कपडा जरा वर करून कडीला कुलूप लावलं. तेवढ्यात अध्यक्ष साहेब आले, हात धरून सरांना घेऊन गेले."

"रोज कपडा कधी टाकतात?"

धम्मपाल थबकला. "रोज... रोज आधी कुलूप. मग कपडा."

"कुलूप लावताना बरणी पाहिलीस?"

"कपड्याखाली होती ना, साहेब."

"मी विचारलं, पाहिलीस का?"

धम्मपालचा चेहरा पडला. "नाही."

"ऐकलंत?" प्राचार्य विजयी स्वरात म्हणाले. "निष्काळजीपणा तर कबूल झालाच. मी त्याला आजच काढून टाकतो."

तेवढ्यात दाराशी गलका झाला. झाडलोट करणाऱ्या भिकुबाई आत घुसल्या आणि नवलचा हात झटकून थेट बोरशांच्या पायाशी बसल्या.

"साहेब, त्या धम्मपालनी काही करं नही. मनी चूक शे. माले धरा."

"भिऊ नको, अक्का," बोरसे खाली बसले. त्यांच्या तोंडावरचा शिळा चहा पहिल्यांदाच उतरला. "बठ्ठं सांग, सगळं."

"परवा त्या महाराजनी पेटी उघाडी, फोटोसाठे. बरणीनं झाकण काढं. थोडी माती खाले सांडनी. माले पुसाले सांगं. मी पुसता पुसता चिमूटभर पदरले बांधी लिधी." भिकुबाईंनी डोळे पुसले. "मनी ज्योती चोवीस वरीसनी व्हयनी. पत्रिकाम्हा मंगय शे. बठ्ठा नकार देतस. म्हटलं, खुद मंगयनी माती कपायले लावू, मंग पोरना मंगय उतरी जाई. मी चोरी करी, म्हणून तो मंगय रागावना, आणि बठ्ठी माती लई गया!"

"लावली का पोरीच्या कपाळाला?"

"लाई ना! आग व्हयनी साहेब, आग! पोर रडाले लागनी. कपाय लाल लाल. डोयाम्हा पाणी. मी म्हटलं, खरा मंगय शे. कडक शे."

सभागृहात कोणी हसलं नाही. दोन बायांनी नकळत हात जोडले. प्रेमराजांनीही जोडले. "पाहा! याला म्हणतात प्रचीती!"

"उरलीय का त्यातली?" बोरशांनी विचारलं.

भिकुबाईंनी पदराची गाठ सोडली. बोरशांनी बोटाच्या टोकाला थोडी भुकटी घेतली, नाकाशी नेली आणि एकदम मान मागे घेतली. मग उभे राहिले.

"नवल, दार लाव. वृषाली मॅडमना बोलावून आण. आणि प्राचार्य साहेब, तुम्ही बसा. तुमच्या कॉलेजात आज एक तास व्हायचाय."

सगळे जमले. बोरशांनी पुठ्ठ्याचा अंतराळवीर उचलून बाजूला ठेवला. फुलदाणी साक्षीच्या हातात दिली.

"मॅडम म्हणाल्या, भिंत वाचा. मी वाचली. निळा बाण म्हणजे यान गेलं, हिरवा म्हणजे माती, दगड काहीतरी घेऊन परत आलं. चंद्रावरून हिरवा बाण आहे. लघुग्रहांवरून आहे. मंगळाकडे इतके निळे बाण आहेत. प्राचार्य साहेब, तिथून परत येणारा हिरवा बाण दाखवा बरं."

प्राचार्य चष्मा सावरून पुढे झाले. तक्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. परत आले.

"नाही दिसत."

"कारण तो नाही," वृषाली मॅडम म्हणाल्या. "मंगळावरच्या एका यानानं माती-दगडांचे नमुने नळ्यांत भरून ठेवलेत. पण ते आणायला अजून कोणी गेलेलं नाही. मंगळाची मूठभरही माती आजवर एकही यान पृथ्वीवर घेऊन आलेलं नाही. हे मी तुम्हाला शुक्रवारीच सांगितलं होतं, सर. तुम्ही म्हणालात, संस्थेचे पाहुणे आहेत."

"म्हणजे चोरीला गेली, ती मंगळाची माती नव्हती," बोरसे म्हणाले. "मग अशा मातीची चोरी करून फायदा कोणाचा? ज्याला ती खरी वाटते, त्याचा? तशी ही एक अक्का सापडली. तिनं चिमूटभर घेतली आणि स्वतः येऊन सांगितलं. जो मंगळ मानतच नाही, त्याला तर ती फुकट नको. उरला एकच माणूस. ती माती आज दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली गेली असती, तर ज्याचं तोंड काळं झालं असतं, तो."

प्रेमराज उठले. "हा अपमान आहे! पेटीला कुलूप होतं. किल्ली याच्याकडे!"

"कुलूप रिकाम्या पेटीला होतं. फोटोसाठी पेटी उघडली. धम्मपालला तुम्ही पाण्याला पिटाळलं. बरणी बाहेर काढली, कपडा टाकला. रोज आधी कुलूप, मग कपडा. काल आधी कपडा, मग कुलूप. या बिचाऱ्यानं तुमच्या शब्दावर रिकाम्या पेटीला टाळं लावलं. आणि सकाळी तुम्ही त्याच टाळ्याकडे बोट दाखवून त्याच्या पोटावर पाय दिलात."

"मग बरणी कुठंय? मी अध्यक्षांसोबत गेलो. सगळ्यांनी पाहिलंय. माझ्या अंगावर काही नव्हतं!"

"नव्हतंच. लोणच्याच्या बरणीएवढी वस्तू, आणि खिसे शोभेचे. बाहेर अध्यक्षांची गाडी आलेली. वेळ थोडा. म्हणून बरणी या खोलीतच राहिली. आणि लाल भुकटी लपवायला लाल भुकटीसारखी जागा नाही."

सगळ्यांच्या नजरा मैदानाकडे गेल्या.

"मी आलो तेव्हाच पाहिलं. मैदान फिकट, डोंगराचा एकच उतार लालभडक. बरणी तिथं पुरली आणि आतली भुकटी तिच्यावरच ओतली. ही पोरगी चार दिवस इथं उभी आहे, शिंका आजपासून. आणि म्हणूनच महर्षींना माती गेल्याचं दुःख कमी, प्लायवूड जळगावला न्यायची घाई जास्त." त्यांनी भिकुबाईंच्या पदरातली भुकटी पुढे केली. "आपल्याकडची वीट फिकट. फोटोतल्या मंगळासारखी लाल दिसेना. मग तुम्ही तिच्यात काय मिसळलं, महर्षी? लावा कपाळाला. तुमचाच मंगळ आहे."

प्रेमराजांचा हात पुढे आला नाही.

"लावा ना. अक्काच्या पोरीनं लावली. तुम्हीच म्हणालात, प्रचीती."

"मला... मला त्वचेचा त्रास आहे."

"मिरचीचा सगळ्यांनाच असतो," बोरसे म्हणाले. "अक्का, तुझ्या पोरीच्या कपाळाला मंगळ नाही भाजला. बाजारातली तिखट पूड भाजली. घरी जाऊन दूध लाव."

भिकुबाईंनी पदर कमरेला खोचला. मग उठल्या. प्रेमराजांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मनी पोर रात्रभर रडनी, आणि तू हात जोडतस?"

प्रेमराजांनी कोटाचं वरचं बटण सोडलं. "हे सगळे तर्क आहेत. मैदान उकरून माझं सामान खराब कराल तर मी कोर्टात..."

"आम्ही हात लावणार नाही. हे प्रदर्शन यंत्रांचं आहे ना? साक्षी, ने तुझी गाडी डोंगरावर. अडते तिथंच ने."

साक्षीने फुलदाणी खाली ठेवली आणि रिमोट उचलला. सहा चाकांची गाडी खडखडत निघाली. खड्डा चुकवला. दगडाला वळसा घातला. लाल उतारावर चढली आणि अडली. चाकं जागच्या जागी फिरू लागली. भुकटी उडाली. पुढच्या रांगेतले तिघे एकदम शिंकले. प्राचार्यांची शिंक सगळ्यांत मोठी होती.

"अजून फिरव."

चाकं फिरत राहिली. भुकटी घसरली. आधी स्टीलच्या झाकणाची कड चमकली, मग काच दिसली, मग काचेवरची चिठ्ठी : 'आशियात एकमेव'.

"घ्या," बोरसे म्हणाले. "आज पहिल्यांदा एका यानानं मंगळावरून काहीतरी शोधून दिलं. नवल, पंच बोलव, बरणी ताब्यात घे. आणि महर्षींनाही घे. खोटी फिर्याद आणि लोकांची फसवणूक. यांना गाडीत डावीकडे बसव. लगेच बसतील."

दाराबाहेर लग्न अडलेल्या मुलींचे आईबाप अजून रांगेत होते. नवल प्रेमराजांना घेऊन गेला, तेव्हा रांगेतल्या एका माणसाने कोटाकडे पाहून नमस्कार केला. बोरशांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवून ते आत वळले. एका दिवसात सगळ्यांनाच शिकवता येत नाही.

प्राचार्य रुमालाने नाक पुसत जवळ आले. "साहेब, वर्तमानपत्रात कॉलेजचं नाव... म्हणजे आम्हीही फसलोच ना?"

"तुम्ही फसला नाहीत. तुम्हाला शुक्रवारी सांगितलं होतं. पंचनाम्यात ते येईल." बोरशांनी टोपी घातली. "आणि या माणसाला सकाळी चोर म्हणालात, ते भरल्या सभागृहात. आता सभागृह भरलेलंच आहे."

प्राचार्यांनी घसा साफ केला. लोकांकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. "धम्मपाल, तुझ्यावर... म्हणजे तुमच्यावर संशय घेतला, ती आमची चूक झाली. तुमच्या कायम होण्याच्या कागदावर मी आजच सही करतो." मग रोजच्या सवयीने म्हणाले, "बरं, ती पेटी बंद कर आता. लाव कुलूप."

धम्मपालने कमरेची किल्ली काढली. पेटीपाशी गेला. मखमलीचा कपडा पुरता उचलून खुर्चीवर टाकला, काचेचं दार सताड उघडलं, आणि वाकून आत चारी कोपरे नीट बघितले.

"थांबा, सर," तो म्हणाला. "आधी आत काय आहे ते बघतो. मग कुलूप."